राघूंची झालर आणि वेगळी चूल

कॉम्प्युटरला कुंकू लावलेलं होतं. पडद्याच्या अगदी मधोमध, ठसठशीत. वरून झेंडूचा हार सोडलेला, कीबोर्डवर अक्षता, माऊसशेजारी विड्याचं पान आणि त्यावर सुपारी. आणि हाराच्या दोन झेंडूंच्या फटीतून एक लाल ओळ सुप्रियाकडे टकामका बघत होती.

तिनं हार बाजूला सारला, ओळ वाचली. चष्मा पदराला पुसला, परत वाचली. मग पडद्यावरची नजर न काढता दाराकडे हाक टाकली.

"अहो! जरा आत या."

शंभूराज अंगणात ट्रॅक्टरच्या तोंडाला ऊस बांधत होता. खंडेनवमीचा दिवस. सकाळीच खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाईचं मशीन अशा सगळ्यांची पूजा झालेली. तो हात झटकत आत आला.

"काल कॉम्प्युटरला काही केलंत?"

"केलं की!" शंभूराजचा चेहरा फुलला. "तू दोरा आणायला बारामतीला गेलतीस, तवा धुऊन काढला."

"धुऊन?"

"पाण्यानं न्हाय गं, आतनं! ट्रॅक्टर धुतला, मोटर पुसली, म्हणलं ह्यानंच काय घोडं मारलंय? मोबाईलवर बघितलं कसं साफ करत्यात ते. बघून बघून टाईप केलं. त्यानंच सांगितलं, नवं आलंय, ते घेऊ का? म्हणलं सणाला नवं नको व्हय? घे बाबा. मग म्हणला, हे बारा नग आता कुणाला लागत न्हायत, काढू का? म्हणलं सणासुदीला अडगळ कशापायी? काढ!"

"आणि पासवर्ड?"

"आपल्या लग्नाची तारीख," शंभूराज लाजून म्हणाला. "ती इसरीन का मी?"

सुप्रियाला आधी रागवावं की आधी हसावं, कळेना. बारा वर्षांत या माणसानं लग्नाची तारीख पहिल्यांदा बरोबर सांगितली होती, आणि ती इथं वापरली होती.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "त्या बारांतला एक लागत होता. उद्याच्या झालरीला."

शंभूराजच्या हातातली सुतळी खाली पडली.

ती झालर म्हणजे कुणाच्या ब्लाउजवरची नक्षी नव्हती. कन्हेरीच्या अलीकडच्या या वस्तीवरून दर दसऱ्याला तुकाईची पालखी निघते. तिच्या चारी बाजूंनी जी भरतकामाची झालर लागते ती एकोणचाळीस वर्षं साखरबाईनं हातानं भरली. दर साली नवी, कारण जुनीचा तुकडा तुकडा प्रसाद म्हणून वाटतात. पोपटी रेशमाचे राघू, लाल चोची. यंदा श्रावणात साखरबाईला सुईत दोरा ओवता येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवरात्राच्या तोंडावर इंदापूरला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं तिला महिनाभर सुईकडे बघायचीही बंदी घातली.

देवळाच्या मंडळानं लगेच तोडगा काढला. बाजारातून रेडीमेड झालर आणून ठेवली. सोनेरी जरी, खाली प्लास्टिकचे खडे, उन्हात डोळे दिपतील अशी. ती बघायला साखरबाई गेली होती. हात लावला आणि म्हणाली, "ही पालखीला न्हाय, ब्यांडवाल्याच्या गाडीला शोभंल." मग थेट सुप्रियाच्या दारात आली. पिशवीतून राघूंचा पिवळा पडलेला कागद काढला. "पोरी, तुझ्या मशीनला हे जमतंय का बघ. जमलं तर माझं राघू जात्याल पालखीसंगं. न्हाय जमलं तर..." वाक्य तिनं पुरं केलं नव्हतं.

तीन बाजू झाल्या होत्या. चौथी, दर्शनी, अकरा राघूंची बाजू बाकी होती. दसऱ्याच्या सकाळी पाच तास मशीन चाललं की संपलं. पालखी संध्याकाळी पाचला निघणार. हिशेब चोख होता, आतून धुऊन निघेपर्यंत.

सुप्रिया इंदापूरची. वडील मोटर रिवाइंडिंग करायचे. जळालेल्या मोटरीची तार कुठून सुरू होते आणि कुठं जाऊन चिकटते ते बोटानं शोधायचं, हे ती परकरात असल्यापासून बघत आलेली. बारावी झाली, एमएससीआयटीचं सर्टिफिकेट घेतलं, लग्न होऊन कन्हेरीला आली. चार वर्षांपूर्वी बारामतीत एक भरतकामाचं दुकान बंद होत होतं. तिथलं जुनं मशीन तिनं उचललं आणि सोबत एक कॉम्प्युटर पदरात पडला. तो इतका म्हातारा की विंडोज टाकलं की बसल्या जागी झोपायचा. म्हणून इंदापूरची मैत्रीण आसावरी आणि ती, दोघींनी मिळून त्यावर विंडोजच्या जागी हलकं, फुकटचं लिनक्स टाकलं. आसावरीचाही तोच धंदा. दोघींनी एकाच पेनड्राइव्हवरून सगळं घेतलं, एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं टाईप करायचं, चुकलं की एकमेकींच्या नावानं शिमगा. पुढं पुढं सुप्रियाला त्यात गोडी लागली. मशीन बंद पडलं की शेजारणी मेकॅनिकला बोलावतात, सुप्रिया कॉम्प्युटरवर हुकूम टाईप करायची काळी खिडकी उघडून त्यालाच विचारायची, "काय दुखतंय रे?" आणि तो इंग्रजीत का होईना, उत्तर द्यायचा.

आता तिनं तेच केलं. खुर्ची ओढली आणि कीबोर्डवरच्या अक्षता वाटीत गोळा केल्या.

"हात काढ!"

दारात गोजरबाई उभी होती. सुप्रियाची सासू. नऊ दिवसांचा उपास, पण आवाजात अन्नाची कमतरता नव्हती.

"पूजा झालीय त्याची. उद्याची आरती झाल्याबिगर हत्याराला काम न्हाय लावायचं. माझ्या सासूच्या येळंपास्नं हाय ह्ये."

"आत्या, पण तो बिघडलाय."

"बिघडंल न्हायतर काय. रोज राबीवतीस. एक दिस निजू दे."

"आज दुरुस्त केला नाही तर उद्या झालर होणार नाही, आत्या. साखरआजीचे राघू राहतील आणि खड्यांची झालर लागेल."

गोजरबाई उंबरा ओलांडून आत आली. साखरबाई तिची लांबची मावशी लागायची आणि खड्यांची झालर तिनंही बघितली होती. तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं, मग भरतकामाच्या मशीनकडे, मग कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडे.

"ह्यानंच केलंय ना?"

"आई, मी साफ—"

"तू उगी ऱ्हा." गोजरबाईनं निकाल दिला. "आजारी बैलाला सणाच्या दिशी औषध पाजतोच की. दुरुस्ती म्हंजी शेवा. ती कर. पण सुई हलली न्हाय पायजे. एक टाकासुदीक न्हाय."

"म्हणजे झालं की नाही ते उद्याच कळणार?"

"मग काय झालं? पेरल्यावर उगवंल का न्हाय ते त्याच दिशी कळतंय व्हय?"

मशीनची वायर काढून गोजरबाईनं स्वतःच्या कमरेला खोचली. विश्वासाचा प्रश्न नव्हता, खबरदारी.

सुप्रिया कामाला लागली. गोष्ट अशी होती. कॉम्प्युटरवर तिचे दोन प्रोग्राम. एकात चित्र काढायचं, दुसरा त्या चित्राचे टाके करून मशीनला सांगायचा की सुई कुठं खुपसायची. दोघांनाही एकच लायब्ररी लागायची. इथं लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. भावकीत एकच रोटाव्हेटर असतो आणि ज्याला लागेल तो नेतो, तसं सामायिक अवजार. फरक इतकाच की टाक्यांच्या प्रोग्रामला जुनंच अवजार चालायचं. आणि तो प्रोग्राम दोघी मैत्रिणींनी पेनड्राइव्हवरून परस्पर आणून बसवलेला, कॉम्प्युटरच्या दफ्तरी त्याची नोंदच नाही. रेशनकार्डावर नाव नसलेला माणूस. म्हणून काल चित्राचा प्रोग्राम नव्या अवजारावर गेल्यावर झाडलोट करताना कॉम्प्युटरनं आपलं दफ्तर बघितलं, या अवजाराला कुणी धनी दिसेना, आणि शंभूराजला विचारलं, "काढू का?"

"चूक तुमची एकट्याची नाही," ती शंभूराजला म्हणाली. "मीच त्याचं नाव लावलं नव्हतं."

"मग जुनं परत आण की."

"आणते."

तिनं मागितलं. कॉम्प्युटर म्हणाला, देतो. पण चित्राचा प्रोग्राम काल नवा आलाय, त्याला नवंच अवजार लागतं. जुनं हवं असेल तर त्याला घालवावं लागेल. आणि त्याच्याबरोबर अजून दोनशे चौदा पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी. खाली यादी आली. यादी सरकायला लागली ती सरकतच राहिली.

"दोनशे चौदा?" शंभूराज खांद्यावरून वाकला. "एका मानसापायी सगळं वऱ्हाड माघारी?"

"या यादीत कॉम्प्युटरची अख्खी खिडकी आहे. दारं आहेत. घड्याळ आहे."

"मग व्हय म्हणू नको बाई!"

"नाही म्हणतेय." आणि तिनं नकाराचा 'एन' दाबला, जरा जोरातच.

मग तिनं उलटं करून बघितलं. चित्राचाच जुना प्रोग्राम आणावा. तर तो म्हणे, मला अमक्याचा जुना भाऊ हवा. भावाला मागितलं तर त्याला त्याचा जुना मेहुणा हवा. मेहुणा कुठंच नव्हता. इंटरनेटवर हे सगळं ठेवणाऱ्यांनीच तो काढून टाकला होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तिनं आसावरीला फोन लावला.

"फॉरमॅट मार," आसावरी म्हणाली. सुप्रियाचं हकीकत सांगून अजून पुरतं झालंही नव्हतं.

"तुला ताप आला तरी तू फॉरमॅटच मारशील."

"मग? सगळं पुसायचं, पहिल्यापासून टाकायचं."

"टाकलं तरी नवीनच येणार ना! चित्राचा जुना प्रोग्राम आता मिळतच नाही."

"मग डिझाइन मला पाठव. मी उद्या टाक्यांची फाइल करून देते. आज नाही गं, माझा कॉम्प्युटर झेंडूखाली गाडलाय. सासूबाई पहाऱ्यावर आहेत."

"फाइल घेऊन काय करू? माझ्या मशीनचं पेनड्राइव्हचं तोंड मोडलंय. ते केबलनंच ऐकतं, आणि केबलवर बोलतो तो इथलाच टाक्यांचा प्रोग्राम. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही."

"हट्टी आहे."

"माझंच आहे ते. ऐक, ती जुनी लायब्ररी तुझ्याकडे सुटी आहे का? इथं मागितली तर बाकी सगळं घालवायला सांगतोय."

"असणारच! मी दसऱ्याला सोड, दिवाळीलासुद्धा साफ करत नाही," आसावरी अभिमानानं म्हणाली. "त्या पेनड्राइव्हचं सगळं मोबाईलमध्ये ठेवलंय. पाठवते. पण ठेवणार कुठं? जुनी आणि नवी एका जागी बसणार नाहीत म्हणतेस ना?"

"तेच तर कोडं आहे."

फाइल आली. आणि सुप्रिया तिच्याकडे बघत बसली. जुनी ठेवली की नवा रुसणार, नवी ठेवली की जुना उपाशी.

दुपारी साखरबाई आली. काळा चष्मा, हातात काठी, चालीत घाई. ओट्यावर बसली आणि चष्म्यातूनच कॉम्प्युटरच्या दिशेनं तोंड केलं.

"काय गं, सजवलाय म्हणं नवरदेवासारखा. हाय का तयार?"

सुप्रियानं शंभूराजकडे बघितलं. शंभूराजनं छताकडे.

"होतोय, आजी."

"होतोय म्हंजी न्हाय झाला." साखरबाई हसली. "मंडळाचा मानूस आलता. म्हणला, आजी, सांच्यापतूर सांगा, न्हायतर आमी आमची झालर बांधून बघतो, मापाची हाय का न्हाय. म्या सांगितलं, बांधू नका. सुप्रियानं शब्द दिलाय." आणि काठी टेकत ती उठलीही. "भगरीचा वास येतोय. गोजर, मला वाईच वाढ."

शब्द दिल्याचं सुप्रियाला आठवत नव्हतं. पण आता तो दिलेला होता.

ती स्वयंपाकघरात गेली. डोकं कॉम्प्युटरमध्येच होतं. शेंगदाण्याची आमटी उकळत होती. तिनं सवयीनं मिसळणाच्या डब्याजवळचं मीठ उचललं आणि चमचा आमटीवर नेला.

"आगं थांब!" गोजरबाईनं तिचा हात हवेतच धरला. "उपासाचं हाय त्ये! माझा मिठाचा डबा येगळा. शेंदेलोण. शेगडी येगळी, पातेलं येगळं, उलथनं येगळं. नऊ दिस बघतीयास न्हवं?"

सुप्रियाचा हात तसाच. चमच्यातलं मीठ तसंच.

एकच घर. स्वयंपाकाच्या ओट्याच्या या टोकाला सगळ्यांचं कालवण, कांदा-लसूण, साधं मीठ. त्या टोकाला छोटी शेगडी, आत्यांचं पातेलं, आत्यांचं शेंदेलोण. नऊ दिवसांत कुणी कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं. कुणाच्या मिठानं कुणाचं बिघडलं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "तुमचं मीठ तुमच्या डब्यात!"

"मग कुणाच्या डब्यात आसंल?"

पण सुप्रिया चमच्यासकट बाहेर पळाली होती.

"हिला काय झालं?" साखरबाईनं विचारलं.

"उपास मी करतीया," गोजरबाई म्हणाली, "आन् भवळ हिला येतीय."

सुप्रियानं जुनी लायब्ररी सामायिक कोठारात ठेवलीच नाही. एक वेगळा फोल्डर केला, टाक्यांच्या प्रोग्रामला त्यात बसवलं आणि जुनं अवजार त्याच्या शेजारी ठेवलं. मग दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी वाचेल अशी: तुला जे लागेल ते आधी इथं बघ, कोठारात नंतर. चित्राचा प्रोग्राम नवं घेऊन आपल्या जागी खूश. त्याला पत्ताही नाही की शेजारी कुणी वेगळं शिजवतंय.

पहिल्यांदा चालवलं. पुन्हा लाल ओळ. पण ओळ वेगळी होती.

"परत?" शंभूराजनं डोक्याला हात लावला.

"नाही, हे चांगलं आहे. मघाशी म्हणत होता मीठ नाही. आता म्हणतोय मीठ मिळालं, तेल द्या."

त्या जुन्या लायब्ररीची एक जोडीदारीण होती. तीही आसावरीच्या मोबाईलमधून आली, तीही वेगळ्या डब्यात गेली. दुसऱ्यांदा चालवलं. काही क्षण पडदा नुसता पांढरा. गोजरबाई मागं येऊन उभी, कमरेची वायर मुठीत.

पांढऱ्यावर एक पोपटी रेघ उमटली. मग दुसरी. टाका, टाका, टाका. पडद्यावर पहिला राघू भरायला लागला.

"सुई हलली का?" गोजरबाईनं आधी मशीनकडे बघितलं.

"नाही आत्या, हा नुसता देखावा आहे. उद्या असं शिवणार म्हणून दाखवतोय."

"चोच लाल हाय का?" ओट्यावरून साखरबाईचा आवाज.

"लाल आहे, आजी."

"मग भगर वाढा."

उरलेली दोन कामं सुप्रियानं जेवायच्या आधी उरकली. टाक्यांच्या प्रोग्रामचं नाव दफ्तरी लावलं, म्हणजे पुढं कुणी झाडायला आलं तर आधी त्याला विचारलं जाईल. आणि पासवर्ड बदलला.

"नवा काय ठेवलास?" शंभूराजनं विचारलं.

"माझा वाढदिवस."

शंभूराज बराच वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "मंजी एकदम सुरक्षित."

दसऱ्याच्या पहाटे आरती झाली. गोजरबाईनं कापूर खाली ठेवला, कमरेची वायर काढली आणि नैवेद्याच्या ताटासारखी दोन्ही हातांनी सुनेच्या हातात दिली. सुप्रियानं ती जोडली, फ्रेमवर कापड ताणलं, बॉबीन बसवली. बटण दाबताना तिच्या लक्षात आलं की आपण देखावा बघितलाय, टाका अजून एकही बघितला नाही.

मशीननं एकदा खाकरल्यासारखं केलं. सुई खाली गेली, वर आली. परत खाली. मग ती जी सुरू झाली ती थांबेचना. घरभर तो टकटकाट, सात वाजता, आठ वाजता. एकदा दोरा तुटला, शंभूराज ओरडला, सुप्रियानं ओवला, परत सुरू. साडेबाराला अकरावा राघू पुरा झाला.

साखरबाई तोवर तीनदा येऊन गेली होती. चौथ्यांदा आली तेव्हा सुप्रियानं पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं चष्मा काढला नाही. बोटं पट्टीच्या टोकाला ठेवली आणि एकेक राघू चाचपत निघाली. चोच, मान, पंख, शेपूट. एक. दोन. तीन. सहाव्या राघूवर बोटं थबकली, मागं फिरली, पुन्हा पुढं आली. आणि म्हातारी खुदकन हसली.

"हाय की! मागं बघतोय."

"तुमच्या कागदावर होता तसाच ठेवलाय," सुप्रिया म्हणाली. "आधी मला वाटलं चुकून वळलाय. सरळ करणार होते."

"चुकूनच वळलाय गं!" साखरबाई म्हणाली. "पयल्या साली चुकला. उसवायला येळ न्हवता, पालखी दारात. तसाच लावला. तवापास्नं बाया त्यालाच शोधत्यात. म्हणत्यात, तुकाईला मागं कोण कोण हाय ते सांगतोय." तिनं पट्टीची घडी घातली, छातीशी धरली. "मशीननं माझी चूकबी बराबर भरली. शाणं हाय."

"मशीन नव्हे आजी, त्याच्यामागं आत्यांची शेगडी आहे," सुप्रिया म्हणाली. आणि पडद्यावर बोट ठेवून तो फोल्डर दाखवला. तिनं नाव दिलं होतं: आत्यांची चूल.

गोजरबाईनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "माझं नाव कशाला त्या डब्यात?"

"तुमचंच आहे म्हणून."

"बरं," गोजरबाई म्हणाली. कॉम्प्युटरला आणखी एक कुंकवाचं बोट लावून ती घाईनं आत गेली.

पाचला पालखी निघाली. पुढच्या बाजूला अकरा राघू हलत होते, दहा पुढं बघणारे. साखरबाई पालखीच्या दांड्याला हात लावून चालत होती, आणि कुणी डोळ्याचं विचारलं की म्हणत होती, "मला दिसत न्हाय, तूच सांग, सहावा कसा हाय?"

पालखीमागं शंभूराजचा ट्रॅक्टर. धुतलेला, ऊस बांधलेला. आणि बॉनेटवर उतरत्या उन्हात लखलखणारी, प्लास्टिकच्या खड्यांची ती झालर.

"ही कुठून आणली?" सुप्रियानं चालता चालता विचारलं.

"मंडळाला नको हुती," शंभूराज स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत म्हणाला. "म्हणलं नवं हाय, घेऊ या."

"आणि उद्या ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर?"

शंभूराजनं ताल थांबवला, झालरीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"तर ती काढायच्या आधी तुला इचारीन."

"आधी," सुप्रिया म्हणाली, आणि गर्दीतून साखरबाईला गाठायला पुढं झाली.